हल्ली वस्ती बडोदे

बडोद्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात मूळ पुरुषाची चौकशी केली, की उत्तर बहुधा एकच मिळते. "आमचे पूर्वज दमाजीरावांच्या फौजेबरोबर आले." रावपुऱ्यात हेच, दांडिया बाजारात हेच, वाडीत आणि सुलतानपुऱ्यातही हेच. दमाजीराव गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे घेतले, हे खरेच आहे. त्यांच्या मागोमाग शिलेदार, बारगीर, कारकून, भिक्षुक, शिंपी, सुतार अशी कितीतरी माणसे घाटावरून आणि कोकणातून गुजरातेत उतरली, हेही खरे. पण मराठी माणूस बडोद्यात एकदाच आला आणि मग दार बंद झाले, असे घडलेले नाही. तो जवळजवळ तीनशे वर्षे टप्प्याटप्प्याने येत राहिला. कोणी पेशवाईच्या काळात आले, कोणी पेशवाई बुडाल्यावर आले. १८७५ मध्ये सयाजीराव महाराज दत्तक आले आणि १८८१ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला, त्यानंतर नवी खाती निघाली, शाळा निघाल्या. त्या नोकऱ्यांच्या ओढीनेही पुष्कळ कुटुंबे आली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई याच काळात महाराजांच्या सेवेत आले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

तेव्हा प्रश्न असा, की आपले घर यांपैकी कोणत्या टप्प्यात आले? गेली काही वर्षे आम्ही आमच्या घरापुरता हा प्रश्न सोडवण्याच्या मागे होतो. त्यात जे कागद पाहिले आणि त्यांनी जे सांगितले, ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

निमित्त कुलवृत्तांताचे

आमच्या आडनावाच्या मंडळींनी कुलवृत्तांत छापायला घेतला आणि बडोद्याच्या शाखेची माहिती आमच्याकडे मागितली. थोरल्या काकांनी एका पानात मजकूर लिहून दिला. मूळ पुरुष दमाजीरावांबरोबर आले, सरदार होते, घरी तलवार होती, पुढे दिवस फिरले, अशी ती हकिकत. लहानपणापासून आम्ही सगळ्यांनी ती ऐकलेली.

पण कुलवृत्तांत म्हटला की वंशावळ आली. ती मांडायला बसल्यावर अडचण दिसली. आमच्या आधी वडील, त्यांच्या आधी आजोबा, त्यांच्या आधी पणजोबा. घरात एवढीच नावे माहीत, आणि सांगतात ते बडोद्यात प्रथम आलेले पुरुष म्हणजे हे पणजोबाच. एका पिढीला २५ ते ३० वर्षे धरतात. आमच्यापासून पणजोबांपर्यंत मागे गेले तर आपण १८७५ च्या आसपास पोहोचतो. १७३४ तिथून आणखी १४० वर्षे मागे. म्हणजे मधल्या चार-पाच पिढ्यांची नावे घरातून पुसली गेली असली पाहिजेत, नाहीतर सरदारांची गोष्ट आमच्या घरची नसली पाहिजे. दोन्हींपैकी काय, ते कागदच सांगू शकत होते.

शिरगणतीत नाव का सापडत नाही

पहिला विचार मनात आला तो शिरगणतीचा. इंग्लंड-अमेरिकेत लोक आपले पूर्वज जनगणनेच्या याद्यांतून शोधतात. तिथे घरोघरच्या मूळ याद्या जपून ठेवतात आणि ठरावीक वर्षांनी खुल्या करतात, अमेरिकेत ७२ वर्षांनी, इंग्लंडात १०० वर्षांनी. आपल्याकडेही १८८१ पासून दर दहा वर्षांनी नियमाने शिरगणती झाली आणि बडोदे संस्थानातही ती झाली. चांदण्याची रात्र पाहून, एकाच रात्री घरोघर मोजणी पुरी करीत. १९११ ची मोजणी १० मार्चला झाली, १९२१ ची १८ मार्चला. त्या रात्री आमच्या पणजोबांच्या दारातही कोणीतरी कंदील घेऊन आला असेल, नाव, वय, जात, भाषा, जन्मस्थान, धंदा हे सगळे लिहून घेतले असेल.

पण ती यादी आज नाही. आपल्याकडे घरोघरच्या याद्यांवरून आकडे काढून झाले, की याद्या मोडीत निघत. १९०१ पासून प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या खणांत टाकायच्या आणि मोजायच्या, अशी पद्धत आली. आकडे छापून झाले की चिठ्ठ्यांचेही काम संपले. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार गणनेच्या नोंदी कोणालाही तपासता येत नाहीत, आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. २०११ च्या जनगणनेत आम्ही स्वतः प्रगणक होतो. लोक विश्वासाने घरातली माहिती देतात ती याच हमीवर. त्यामुळे या नियमाबद्दल आमची तक्रार नाही.

मग शिरगणतीचा उपयोग काय? नाव सापडत नाही, पण काळ सापडतो. बडोदे संस्थानाचे शिरगणतीचे छापील अहवाल उत्तम आहेत. १९०१ चा अहवाल जमशेदजी दलालांनी केला, १९११ चा गोविंदभाई देसाईंनी, १९२१ व १९३१ चे सत्यव्रत मुखर्जींनी. त्यांतले आकडे एका ओळीत मांडले, की आपला माणूस कोणत्या दिवसांत इथे आला हे समजते.

१८९१ मध्ये संस्थानची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ झाली. म्हणजे ४,६२,७०४ माणसे कमी, दर पाचांमागे जवळजवळ एक. हा संवत १९५६ चा दुष्काळ. गुजराती शेजारी त्याला अजून 'छप्पनियो' म्हणतात. त्यात प्लेगची भर. बडोदे शहराचे आकडे तर आणखी बोलके आहेत. १८९१ मध्ये १,१६,४२०, १९०१ मध्ये १,०३,७९०, १९११ मध्ये ९९,३४५ आणि १९२१ मध्ये ९४,७१२. सलग तीन गणनांत शहर आटत गेले. १९३१ मध्ये ते १,१२,८६० वर आले, तरी १८९१ चा आकडा गाठला गेला नाही. पुढे कळले की आमचे पणजोबा नेमके या आटत्या शहरात आले होते. ज्या गावातून माणसे जात होती आणि मरत होती, तिथे कोकणातला एक तरुण पोटासाठी येतो, याचा अर्थ त्याच्या गावी स्थिती काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

मोडीचे कागद

कोठीच्या इमारतीतले जुने दप्तर आज राज्याच्या अभिलेखागाराकडे आहे. रीतसर अर्ज द्यायचा, ओळखपत्र दाखवायचे, कोणता काळ आणि कोणते खाते हे सांगायचे. नुसते "आमच्या पूर्वजांचे काही असेल तर दाखवा" म्हटल्यास तिथले लोक काही करू शकत नाहीत, कारण दप्तर खात्यांप्रमाणे लावलेले आहे, आडनावांप्रमाणे नाही.

जुने मराठी कागद मोडीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरे एकमेकांना जोडून लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. आम्ही मोडी शिकलो, पण हिशेबाच्या कागदांसाठी आम्हाला जाणत्या वाचकाची मदत घ्यावी लागली. तारखांचा घोळ वेगळाच. जुन्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, कारण ते वर्ष मृगाला सुरू होते. पानिपतचे वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. त्यात ६०० मिळवले की १७६१. शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवायचे, विक्रम संवत असेल तर ५६ किंवा ५७ वजा करायचे. नंतरच्या काळात बडोद्याचे सरकारी वर्ष १ ऑगस्टला सुरू होई, तेही ध्यानात ठेवावे लागते.

आम्ही दोन टोकांनी शोध घेतला. सरदार, शिलेदार आणि पागा यांच्या याद्यांत आमचे आडनाव आढळले नाही. दुसरे टोक म्हणजे आजोबांची शाळा. संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झाले आणि १९०६ मध्ये सगळीकडे लागू झाले. त्यामुळे त्या पिढीच्या मुलांचे नाव शाळेच्या वयपत्रकात असण्याचा संभव दांडगा. आजोबांचे होते. पालकाच्या रकान्यात वडिलांचे नाव नव्हते. 'आई' असे होते, धंद्याच्या जागी 'दळणकांडण', आणि शेऱ्यात 'बाप मोजणी खात्यात होता, मयत'.

या एका ओळीने खाते कळले. बडोद्याच्या जमीन मोजणी व जमाबंदीचे काम १८८० नंतर जोरात चालू झाले. महाराजांचे शिक्षक इलियट यांच्याकडे त्याची सूत्रे होती. त्या खात्याच्या पगारपत्रकांत, १९०१ च्या शिरगणतीनंतरच्या वर्षांत, पणजोबांचे नाव मिळाले. हुद्दा साखळीवाला. पगार महिना सात रुपये. वय 'सुमारे ३०'. हे 'सुमारे' फार महत्त्वाचे. त्या काळी वय विचारले की लोक २०, २५, ३०, ४० असेच सांगत, शिरगणतीच्या अहवालांतही हा मुद्दा आहे. म्हणून त्यावरून जन्मसाल काढायचे तर चार-पाच वर्षे मागेपुढे धरली पाहिजेत.

साखळीवाला म्हणजे काय, हे आम्हाला कोणी सांगायची गरज पडली नाही. आम्ही मार्ग-मकान खात्यात नोकरी करतो, स्थापत्याची पदविका घेताना पहिल्याच वर्षी उन्हात साखळी ओढली आहे. एक माणूस पुढे साखळीचे टोक घेऊन चालतो, मागचा माणूस दुसरे टोक धरून त्याला सरळ रेषेत आणतो. साखळी ताणायची, टोकाला लोखंडी सळई रोवायची, पुन्हा पुढे. मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. बडोद्याकडे हिशेब बिघ्यांत. पण माप कोणतेही असो, काटेकुटे, बांध, ओढे ओलांडत साखळी ओढणारा माणूस तोच. बिघे मोजणाऱ्या आमच्या पणजोबांच्या नावावर एक गुंठाही नव्हता.

निशाणी बांगडी

शेवटचा कागद आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. १९१८ ची मानमोडीची साथ आली आणि पणजोबा गेले. पाठोपाठ खात्याकडे पणजीचा अर्ज गेला. लिहिणारा कोणी अर्जनवीस, मजकूर मोडीत. नवरा सरकारी कामावर असताना ताप येऊन मेला, दोन महिन्यांचा पगार थकला आहे, तो मिळावा. पदरी दोन मुले लहान आहेत. गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे, पण तिकडे आधार कोणी नाही, म्हणून इथेच राहणे आहे. थोरला मुलगा जाणता झाल्यावर त्याला खात्यात उमेदवारी मिळावी. खाली तिचे नाव आणि पुढे 'निशाणी बांगडी'.

लिहिता न येणारी माणसे त्या काळी सहीऐवजी निशाणी करीत. कुणब्याची नांगर, लढवय्याची कट्यार, बाईची बांगडी. अर्जावर ते छोटे वर्तुळ आहे. कागदाच्या बाजूला खात्याचा शेरा: थकलेला पगार द्यावा. उमेदवारीबद्दल काहीच उत्तर नाही.

घरात सगळे तिला 'थोरली आई' म्हणत. तिचे खरे नाव हयात असलेल्या कोणालाही माहीत नव्हते. ते या कागदामुळे कळले आणि वंशावळीतली ती जागा भरली.

त्यानंतर नाशिकला जाऊन आमच्या क्षेत्रोपाध्यायांची वही पाहिली. आई वारल्यावर आजोबा अस्थी घेऊन तिथे गेले होते. त्यांच्या हातची नोंद आहे: बापाचे नाव, आजाचे नाव, मूळ गाव, आणि 'हल्ली वस्ती बडोदे'. त्याच गावच्या आणखी जुन्या नोंदीत पणजोबांच्या वडिलांचेही नाव आले, त्यापुढे बडोद्याचा उल्लेख नाही. म्हणजे बडोद्याला आलेली पहिली पिढी पणजोबांचीच, हे दोन बाजूंनी जुळले. त्यापूर्वी आमचे घर गायकवाडांच्या चाकरीत नव्हते.

काय छापायचे

हे सगळे थोरल्या काकांपुढे ठेवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, सरदार नको तर निदान शिलेदार तरी लिहा." घरात दोन तट पडले. काहींचे म्हणणे, एवढी वर्षे सांगितलेली गोष्ट खोटी ठरवून कोणाचे भले होणार? मुलांची लग्ने ठरवायची आहेत, कुलवृत्तांत चार घरी जाणार. साखळीवाला हा शब्द छापायलाच हवा का? दुसऱ्यांचे म्हणणे, छापलेले उद्या पुरावा होते. आपण 'सरदार' लिहिले तर पुढचा शोधणारा त्यावर विश्वास ठेवून सरदारांच्या याद्या चाळत बसेल.

आम्ही दुसऱ्या बाजूचे होतो. आमचे सांगणे इतकेच, की तलवार असेलही. ती आजोळाकडून आली असेल, शेजाऱ्यांची ठेव असेल, आज ती कोणाकडेच नाही. पण सात रुपयांवर साखळी ओढणारा माणूस गेल्यावर, शहर रिकामे होत असताना, त्याची बायको परत गेली नाही. तिने दळणकांडण करून मुलगा शाळेत टिकवला. तो मुलगा शिकला म्हणून आमचे वडील शिकले. आम्ही आज सरकारी पगार घेतो त्याची सुरुवात त्या बांगडीच्या निशाणीपासून आहे. दमाजीरावांच्या फौजेपेक्षा हा आधार आम्हाला जवळचा वाटतो.

काकांनी अर्जाची नक्कल दोनदा वाचून घेतली. थोरली आई पहाटे जात्यावर बसायची, हे त्यांनी लहानपणी पाहिलेले. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. कुलवृत्तांतात दोन मथळे करायचे, 'ऐकीव' आणि 'दाखला'. ऐकीव मध्ये तलवारीची गोष्ट, ती कोणी कोणाला सांगितली यासह. दाखला मध्ये पगारपत्रक, वयपत्रक, अर्ज आणि नाशिकची नोंद. तसेच छापले आहे. बडोद्याच्या शाखेच्या आरंभी पणजोबांच्या बरोबरीने पणजीचे नाव आहे.

वाचकांना विनंती

ज्यांना आपल्या घराचा असा शोध घ्यायचा असेल त्यांनी क्रम उलटा ठेवावा. आधी घरातली वडीलधारी माणसे. त्यांच्याकडून नावे, गावे, कुलदैवत, कोणत्या खात्यात चाकरी, कोणत्या पोळीत घर, हे लिहून घ्यावे, आणि कोणी सांगितले तेही लिहावे. मग घरातले कागद: जुने दाखले, निवृत्तिवेतनाची पुस्तिका, घराची खरेदीखते, सिटी सर्व्हेचा उतारा, लग्नपत्रिका. मग शाळेचे वयपत्रक आणि नगरपालिकेचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर. त्यातून खाते आणि अंदाजे वर्ष कळले, की अभिलेखागारात अर्ज करावा. मूळ गाव कळले, की तिथले जमिनीचे जुने फेरफार पाहावेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया इथल्या उपाध्यायांच्या वह्या विसरू नयेत. आपल्या चाणोदलाही विचारावे. दोन वेगवेगळ्या कागदांनी एकच गोष्ट सांगितली तरच ती पक्की मानावी.

घाई करण्याचे कारणही आहे. जुने वाडे पडत आहेत, माळ्यावरच्या ट्रंका रद्दीत जात आहेत. मोडी सहज वाचणारी माणसे आपल्या शहरात थोडी उरली आहेत. संस्थान १ मे १९४९ ला विलीन झाले, तेव्हा ज्यांनी नोकरी केली होती ती पिढी आता जवळपास संपली. यंदाच्या दहा दिवसांत मंडळात येणाऱ्या प्रत्येक घराने एकच करावे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्यांच्या आजीचे माहेरचे आणि सासरचे नाव विचारावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. पुरुषांची नावे पगारपत्रकांत कुठेतरी मिळतील. बायकांची नावे बहुतेक घरांत फक्त कोणाच्या तरी आठवणीत आहेत.

गणपती बाप्पा मोरया!